मदत हवी आहे: 19 दिवसांनी संकल्प बारगळला, परत सुरू कसा करू?

नमस्कार मंडळी, दिवाळी पाडव्याला मोठ्या जोशात ठरवलं की रथसप्तमीला 108 सूर्यनमस्कार घालायचेच. रोज 12 पासून सुरुवात आणि दर आठवड्याला 12 वाढवायचे, म्हणजे नवव्या आठवड्यात 108 होतात, वर महिनाभर शिल्लक, हिशोब एकदम पक्का. कालनिर्णयवर लाल पेनाने फुल्या मारत होते, 19 चौकोन सलग, 36 पर्यंत पोचले होते हो! मग गावाला मामेभावाचं लग्न, चार दिवस बुडाले आणि तिथून जे मोडलं ते मोडलंच. आता ते रिकामे चौकोन दिसले की इतकी लाज वाटते की दुधाचा हिशोब लिहायलाही मुलाला पाठवते (तोही त्याच कॅलेंडरवर असतो ना). नवरा म्हणतो नव्याचे नऊ दिवस, तुझे निदान 19 तरी झाले.

तर विचारायचं हे की परत 12 पासून सुरू करू का डायरेक्ट 36 वरून? मनगटं जरा दुखतात, वय 43. आणि मधे खंड पडला की तुम्ही लोक परत कसे लागता कामाला? अॅप प्लीज सुचवू नका, दोन टाकून झालीत, नोटिफिकेशन आलं की बोट आपोआप ते सरकवून टाकतं.