शब्दचर्चा: नगरसेवक, नगरपिता की पालिका सदस्य?

शाईपेन

मंडळी, आमच्या परळच्या वाचनालयातर्फे नव्या मतदारांसाठी पालिकेची ओळख करून देणारी छोटी पुस्तिका काढतोय. मुद्रितशोधन माझ्या गळ्यात पडलंय. मजकूर तिघांनी लिहिलाय आणि तिघांचे तीन शब्द. एकाने 'नगरसेवक' लिहिलंय, दुसऱ्या आजोबांनी सर्रास 'नगरपिता', आणि तिसरे पडले वकील, ते 'पालिका सदस्य' सोडायला तयार नाहीत. एकच ठेवायचा तर कोणता? बाई असेल तिथे 'नगरसेविका' करायचं का? मग 'महापौर'चं काय करू? आणि 'वॉर्ड' नि 'प्रभाग' एकाच अर्थाने वापरलेत, चालेल ना?

माटुंगेकर

नगरपिता बिनदिक्कत काढा. तो शब्द आता पत्रकारांच्या टोमण्यापुरता उरलाय. 'नगरसेवक अभ्यासदौऱ्यावर' ही साधी बातमी. 'नगरपिते निघाले अभ्यासदौऱ्याला' म्हटलं की वाचणाऱ्याला लगेच कळतं, खर्च कोणाच्या खिशातून होणार ते.

जुना कारकून

माटुंगेकरांशी सहमत, पण आजोबांची बाजूही ऐकून घ्या. पालिकेच्या चिटणीस खात्यात नोकरी झाली माझी, त्यामुळे थोडं लांबेल.

'नगरपिता' हे इंग्रजीतल्या 'सिटी फादर'चं मराठी रूप, आणि ज्या काळात तो शब्द आला त्या काळाला तो शोभतही होता. 1872 च्या कायद्याने मुंबईत 64 सदस्यांची पालिका आली. त्यातले निम्मे करदात्यांनी निवडलेले, उरलेले सरकारने आणि जस्टिस ऑफ द पीस मंडळींनी, म्हणजे सरकारने नेमलेल्या प्रतिष्ठित नागरिकांनी, पाठवलेले. पुढे 1888 चा कायदा झाला. त्यावर फिरोजशहा मेहतांचा ठसा आहे, आणि दुरुस्त्या होत होत तोच कायदा मुंबईत आजही चालतो. त्या वेळी चाळीतल्या बहुतेकांना मतच नव्हतं. ज्यांना मत नाही त्यांचं वडीलपण घेणं सोपं असतं. 1948 साली प्रौढ मतदानावर पहिली निवडणूक झाली आणि उमेदवाराला जिने चढावे लागले. दारात हात जोडून उभ्या राहिलेल्या माणसाला पिता कोण म्हणणार?

म्हणून 'नगरसेवक' बरोबर. पण त्यातला 'सेवक' नव्या मतदाराला थोडा फसवतो, हे पुस्तिकेत लिहा. सरकारी मराठीत सेवक म्हणजे बहुधा नेमलेला माणूस. ग्रामसेवक, कृषिसेवक, शिक्षणसेवक, यांतलं कोणीही निवडून येत नाही. गावाहून नुकत्याच आलेल्या माणसाला नगरसेवक म्हणजे ग्रामसेवकाचा शहरातला भाऊ वाटला तर चूक त्याची नाही. दोघांची जोडणी सारखीच, पण एकाची नेमणूक होते आणि दुसऱ्याला दर पाच वर्षांनी लोकांपुढे जावं लागतं. आणखी एक मौज बघा. विधानसभेत गेला की आमदार, लोकसभेत गेला की खासदार, म्हणजे 'दार' लागलं. फौजदार, जहागीरदार यांतलंच ते दार. पालिकेत मात्र सेवक. त्याला मिळतं तेही पगार नव्हे, मानधन.

वकीलसाहेबांचं म्हणणं कायद्याला धरून आहे. कायद्याच्या मराठीत 'पालिका सदस्य' हाच शब्द आहे. निवडून न येता आलेले ते 'नामनिर्देशित पालिका सदस्य', लोकांच्या तोंडी 'स्वीकृत नगरसेवक'. त्यांना सभागृहात बोलता येतं, मतदान करता येत नाही. हा फरक महत्त्वाचा आहे, तो एका ओळीत द्या. पण सबंध पुस्तिकेत 'पालिका सदस्य' घातलंत तर शिवडीच्या नाक्यावर ते कोणाचं नाव आहे ते कुणालाच कळणार नाही.

माझं खरं म्हणणं मात्र नामाबद्दल नाही, क्रियापदाबद्दल आहे. तुमच्या मजकुरात कुठे 'नगरसेवक रस्ते बांधतात, पाणी देतात' असं वाक्य असेल तर आधी ते दुरुस्त करा. मुंबईत अंमलबजावणीचे अधिकार आयुक्तांकडे, आणि आयुक्त राज्य सरकार नेमतं. नगरसेवक प्रश्न विचारतो, ठरावाची सूचना मांडतो, स्थायी समितीत असेल तर खर्चाचे प्रस्ताव मंजूर किंवा नामंजूर करतो. ठरावाची सूचना सभागृहाने एकमताने मंजूर केली तरी ती पुढे आयुक्तांकडे अभिप्रायासाठी जाते, आणि अभिप्राय येईपर्यंत मांडणाऱ्याची मुदत संपलेलीही मी पाहिली आहे. त्यामुळे 'मंजूर' हा शब्द वाचून कोणी पेढे वाटू नयेत.

याबाबतीत बॅनर अधिक प्रामाणिक. वर 'कार्यसम्राट' वगैरे काहीही असो, खाली लिहिलेलं असतं, 'यांच्या अथक पाठपुराव्याने लादीकरणाचे काम सुरू'. पाठपुरावा! नगरसेवकाचं नेमकं क्रियापद तेच. विभाग कार्यालयात फेऱ्या मारायच्या, इंजिनीअरला फोन लावायचे, पत्रावर पत्र द्यायचं. तुमच्या पुस्तिकेत 'पाठपुरावा करतो' हे ठळक अक्षरात छापा.

जाता जाता 'दप्तरी दाखल'. बाहेरच्या माणसाला वाटतं कागद नीट जपून ठेवला. पालिकेत प्रस्ताव दप्तरी दाखल झाला म्हणजे तो फेटाळला. 'राखून ठेवला' म्हणजे अजून धुगधुगी आहे. 'फेरविचारासाठी परत पाठवला' म्हणजे प्रशासनाला सांगितलं, नीट लिहून आणा. आणि चिटणीस! पेशव्यांच्या दफ्तरातलं हे पद मुंबईच्या मुख्यालयात अजून जिवंत आहे. सभेची कार्यक्रमपत्रिका, इतिवृत्त, सगळं त्यांच्याकडे. त्याचं 'सेक्रेटरी' करू नका, विनंती.

भायखळ्याची

नगरसेविका जरूर लिहा. पालिकेत निम्म्या जागा बायकांसाठी राखीव आहेत, त्यामुळे हा काही अपवादाचा शब्द राहिलेला नाही. आता महापौर. 'सेवक'ला सेविका हे रूप भाषेत आधीपासून होतं, अंगणवाडी सेविकेसारखं, म्हणून नगरसेविका सहज रुळली. 'पौर' म्हणजे पुरात राहणारा, त्यातला मोठा तो महापौर. हा शब्द सावरकरांच्या नावावर सांगतात. त्याचं स्त्रीरूप करायला कोणी गेलं नाही आणि अडलंही नाही. 1956 साली सुलोचना मोदी मुंबईच्या पहिल्या महिला महापौर झाल्या, तेव्हापासून 'महापौर म्हणाल्या' हे चालत आलंय. आमदार म्हणाल्या, आयुक्त म्हणाल्या, तसंच. 'महिला नगरसेविका' तेवढं टाळा, उगाच दोनदा बाई.

पुण्याहून मुलुंडला

वॉर्ड आणि प्रभाग एकाच अर्थाने? मुळीच नको. इथे आल्यावर माझा याच शब्दावरून चांगला गोंधळ झाला होता. मुंबईकर 'आमचा वॉर्ड' म्हणतो तेव्हा दोन गोष्टी असू शकतात. एक, प्रशासकीय विभाग: दादर-माहीम-धारावीचा जी उत्तर, परळचा एफ दक्षिण, आमचा मुलुंडचा टी. तिथे सहायक आयुक्त बसतात, ते नेमलेले. दुसरा, निवडणुकीचा: मुंबईत असे 227, प्रत्येकातून एक नगरसेवक. छापताना पहिल्याला 'विभाग' आणि दुसऱ्याला 'प्रभाग' म्हणा. 'तक्रार वॉर्डात द्या' असं लिहिलंत तर वाचणारा नगरसेवकाच्या जनसंपर्क कार्यालयात जाईल की विभाग कार्यालयात, सांगता येणार नाही.

आणि पुण्यातल्या कुणा नातेवाइकाने ही पुस्तिका मागितली तर जपून. तिकडे एका प्रभागात अनेक नगरसेवक, त्याला पॅनल म्हणतात. 'आमचा नगरसेवक' हे एकवचन मुंबईतच शोभतं.

माटुंगेकर

एक राहिलंच. विशेषणं! भावी, इच्छुक, विद्यमान, माजी. मार्च 2022 मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि जानेवारी 2026 च्या निवडणुकीपर्यंत पालिकेवर सरकारने नेमलेले प्रशासकच होते. त्या काळात कायद्याने सगळे माजी, पण आमच्या गल्लीत एकाही माणसाने कुणाला 'माजी' म्हटलं नाही. तक्रार असली की 'नगरसेवकांकडे जा', एवढंच. माझ्या मते हा नुसता आदर नव्हे. पाठपुरावा करणारा माणूस लोकांना हवाच होता, पद असो नसो.

हिंदीभाषक शेजारीही नगरसेवकच म्हणतात, हे नोंदवून ठेवतो. उत्तरेत त्याला पार्षद म्हणतात. पार्षद म्हणजे परिषदेत बसणारा, आणि विष्णूच्या भोवती उभे असणारे सेवक तेही पार्षदच. म्हणजे सेवक तिकडेही आहे, नीट झाकलेला.

शाईपेन

सगळ्यांचे आभार. ठरलं असं: मजकुरात नगरसेवक आणि नगरसेविका, पहिल्या पानावर एकदा 'कायद्याच्या भाषेत पालिका सदस्य', विभाग आणि प्रभाग वेगळे. आजोबांचा 'नगरपिता' त्यांच्या आठवणींच्या परिच्छेदात तसाच ठेवतोय, तिथे तो 1950 च्या आसपासचाच आहे. कारकूनकाका, 'दप्तरी दाखल'ची चौकट तुमच्याच शब्दांत टाकली तर चालेल का?

जुना कारकून

चालेल. फक्त 'बृहन्मुंबई' नीट छापा. बृहत् आणि मुंबई, त्चा न् होतो. कच्च्या मुद्रितात 'बृहनमुंबई' दिसलं मला.