रस्ता कुणाला विचारता, डब्याला की फोनला? (अनुभव धागा)

आमच्याकडे जीपीएसचा एक जुना डबा आहे. काचेला चिकटवायचा, पाच इंची पडद्याचा. घरात सगळे त्याला डबाच म्हणतात. गेल्या महिन्यात नवऱ्याने तो बऱ्याच दिवसांनी लावला, तर पडद्यावरची आमची गाडी अर्धा तास कोऱ्या करड्या पट्ट्यावर तरंगत होती. खाली चांगला चौपदरी रस्ता, पण डब्याच्या लेखी तो अजून झालेलाच नाही.

तर प्रश्न असा: याच डब्यात नवे नकाशे भरायचे, नवा डबा घ्यायचा, की फोन स्टँडला अडकवून मोकळं व्हायचं? घरात दोन तट पडलेत. कंपनीच्या पत्रकातली वैशिष्ट्यं इथे नकोत, ती मीही वाचली आहेत. तुम्ही कुठे चुकलात, कुठे अडकलात आणि तेव्हा समोर काय लावलेलं होतं, ते लिहा.

माझ्यापासून सुरुवात. नकाशे भरायला बसले. डबा संगणकाला जोडला, सॉफ्टवेअर उतरवलं, दीड तास ती हिरवी पट्टी सरकताना पाहिली आणि शेवटी उत्तर आलं: जागा अपुरी. नकाशे दरवर्षी फुगत गेले, डब्याचं पोट तेवढंच राहिलं. मेमरी कार्डाची खाच आहे म्हणतात, पण ती कुठे आहे हे मला अजून सापडलेलं नाही.

रात्रपाळीवाला

मी डब्याच्या बाजूचा. कारण एकच प्रसंग. पहाटे तीनची वेळ, पुढे रस्ता दुभंगतो, आणि नेमक्या त्याच क्षणी फोन वाजला. बाण गायब, अख्ख्या पडद्यावर साहेबांचं नाव. कट करायला बोट नेलं तोवर चुकीच्या फाट्याला लागलो होतो. मागे वळायला जागा मिळाली ती १४ किलोमीटरनंतर. साहेबांचा प्रश्न काय होता? तर "कुठे पोचलास?"

डब्याला दुसरा उद्योग नाही. किल्ली फिरवली की जागा होतो, बंद केली की झोपतो. माझा जुना डबा दाबाच्या पडद्याचा आहे, हातमोजे घालूनही चालतो. काचेला चिकटणारा रबरी पेला सारखा पडतो अशी तक्रार सगळे करतात. तो कोमट पाण्याने धुवा, काच कोरडी पुसा, मग दाबा. पडत नाही.

आळशी

फोन. विषय संपला.

धागाकर्ती

संपला कसा? घरी या, दोन्ही तटांची ओळख करून देते.

तारे मोजणारा

पुढे जाण्याआधी एक गैरसमज काढून टाकतो, कारण पुढे अर्धी भांडणं त्यावरूनच होणार. "फोनच्या जीपीएसला इंटरनेट लागतं" हे खरं नाही. जीपीएसचे उपग्रह साधारण २०,२०० किलोमीटर उंचीवरून फक्त वेळ आणि स्वतःची जागा सांगत फिरतात. तुमचा फोन किंवा डबा ते नुसतं ऐकतो, उलट काही पाठवत नाही. किमान ४ उपग्रह ऐकू आले की जागा निघते. तीन पुरत नाहीत, कारण फोनमधलं घड्याळ स्वस्तातलं असतं आणि त्याची चूक हीदेखील एक अज्ञात संख्या म्हणून सोडवावी लागते. (उपग्रहांवरची अणुघड्याळं सापेक्षतावादामुळे जमिनीवरच्या घड्याळापेक्षा दिवसाला सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे पळतात, ती दुरुस्तीही आधीच केलेली असते. हे मला दर वेळी कुणाला तरी सांगावंसं वाटतं, माफ करा.)

मग इंटरनेट कशाला? दोन गोष्टींना. एक, नकाशाचं चित्र आणि वाहतुकीची माहिती आणायला. दुसरी गोष्ट फार कुणी सांगत नाही. उपग्रह आपली माहिती सेकंदाला फक्त ५० बिट या वेगाने पाठवतात. एका उपग्रहाची नेमकी कक्षा ऐकून घ्यायला अर्धा मिनिट लागतो, आणि सगळ्या ताफ्याचं ढोबळ वेळापत्रक पूर्ण ऐकायला साडेबारा मिनिटं. फोन हेच सगळं मोबाइलच्या जाळ्यावरून चुटकीसरशी आणतो. म्हणून फोन लगेच "इथे आहात" म्हणतो आणि कपाटातून सहा महिन्यांनी काढलेला डबा बराच वेळ आकाशाकडे बघत बसतो. तो बिघडलेला नसतो. मोकळ्या जागी गाडी उभी ठेवा, त्याला ऐकू द्या, मग निघा. आमच्या काकांनी असाच एक चांगला डबा "मेला" म्हणून टाकून दिला, त्याचं मला अजून वाईट वाटतं.

डॅशबोर्डवर भाजलेली

तारे मोजणारे दादा, तुमचे उपग्रह बिचारे नीट होते, माझा फोनच शिजला. भर दुपार, फोन डॅशबोर्डवर काचेखाली, पडदा पूर्ण उजेडात, चार्जिंग चालू, वर नेव्हिगेशन. आधी पडदा आपोआप मंदावला, उन्हात काही दिसेना. मग चार्जिंग थांबलं. मग तापमापकाचं चित्र आलं आणि फोन म्हणाला, गार झाल्यावर भेटू. बॅटरी गरम झाली की फोन स्वतःला असाच वाचवतो, हे नंतर कळलं.

आता फोन एसीच्या जाळीवर लावते. उन्हाळ्यात उत्तम, गार हवा थेट पाठीवर. थंडीत हीटर लावला की तीच जाळी त्याला भाजते, तेव्हा ती एक झडप बंद ठेवायची. दुसरं सांगायचं तर, गाडीतल्या जुन्या यूएसबी खाचेवर भरवसा ठेवू नका. बऱ्याच गाड्यांत ती अर्धा अँपिअरच देते. माझा फोन चार्जिंगला लावलेला असूनही तीन तासांत ८० टक्क्यांवरून ३५ वर आला होता. १२ व्होल्टच्या खाचेत बसणारा जास्त ताकदीचा चार्जर आणि आखूड, जाड केबल घेतल्यापासून कटकट मिटली.

घाटवळण

फोनवालाच, पण पोळलेला. घाटात शिरण्याआधी मार्ग लावला होता. नेटवर्क गेलं तरी निळी रेघ होती, म्हणून निर्धास्त. एक वळण चुकलं. झालं! फोनने फक्त त्या रेघेच्या आजूबाजूचा नकाशा धरून ठेवला होता. रेघ सुटल्यावर त्याच्याकडे ना नकाशा, ना नवा मार्ग काढायची सोय. निळा ठिपका अचूक होता, फक्त तो कशावर आहे ते दिसत नव्हतं. डब्यात सगळा नकाशा पोटात असतो, त्यामुळे तो चुकलेल्याला लगेच नवा रस्ता काढून देतो. त्या दिवशी मला डब्याची किंमत कळली.

आता निघण्याच्या आदल्या रात्री वायफायवर पूर्ण प्रदेश उतरवून घेतो, मार्गापेक्षा बराच मोठा चौकोन. गूगल मॅप्समध्ये असा उतरवलेला नकाशा गाडीचा रस्ता दाखवतो, पण वाहतूक दाखवत नाही, पायी जायचा रस्ताही नाही. जोडीला ऑरगॅनिक मॅप्स हे ॲप ठेवलंय. त्याचा नकाशा ओपनस्ट्रीटमॅपचा, म्हणजे २००४ पासून लोकांनी हौसेने भरलेला. पाऊलवाटा, पाण्याच्या जागा त्यात कधी कधी जास्त बारकाईने असतात, पण घरक्रमांक टाकून पत्ता शोधायला गेलात तर हात हलवत परत याल. आणि तपासणी करा! विमान मोड चालू करून घरीच एक मार्ग काढून बघा. निघाला तर निघाला, नाहीतर घाटात कळण्यापेक्षा घरात कळलेलं बरं.

उंच गाडी

आमची गाडी प्रवासी नेणारी, छतावर सामान. फोनवरच्या नेहमीच्या ॲपला गाडीची उंची कळत नाही. त्याच्यासाठी सगळे जण छोट्या मोटारीत बसलेले. "२ मिनिटं वाचतील" म्हणून त्याने आम्हाला रेल्वेखालच्या बोगद्याशी नेलं. उंचीची पाटी बघितली, खाली उतरून मान वर करून बघितली, आणि अठरा प्रवाशांसमोर गाडी मागे घेत मुख्य रस्त्याला लागलो. वाचलेली २ मिनिटं ४० ला पडली.

ट्रक आणि कॅरॅव्हॅनसाठी वेगळे डबे मिळतात. त्यात उंची, रुंदी, वजन एकदा भरायचं, मग तो कमी उंचीचे पूल टाळतो. गार्मिन आणि टॉमटॉम दोघांचेही आहेत. मी घेतला. पाटी वाचायचं काम मात्र अजून माझंच, कारण नकाशात प्रत्येक पुलाची उंची भरलेली असेलच असं नाही. लहान गाडी असेल तर या खर्चात पडू नका.

लाल रेघ

रोज शहरात गाडी चालवणाऱ्याने डबा घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत. कोंडी कुठे आहे हे डब्याला एक तर कळतच नाही किंवा फोनला जोडून, नाहीतर एफएम लहरींवरून कळतं, आणि तीही सेवा सगळीकडे नसते. फोनवरची लाल रेघ पुढच्या गाड्यांतल्या फोनांवरूनच बनते. २०२० मध्ये सायमन वेकर्ट नावाच्या कलाकाराने एका हातगाडीत ९९ फोन भरून बर्लिनच्या रस्त्यावर सावकाश फिरवले, आणि रिकामा रस्ता नकाशावर लाल झाला. हसू येतं, पण यंत्रणा कशी चालते ते यातून पक्कं कळतं.

एक सूचना: मार्ग लावल्यावर एकदा बोटांनी नकाशा लहान करून पूर्ण रस्ता बघायचा. एकाच नावाची दोन ठिकाणं असतात. मी बाविसाव्या किलोमीटरला विचारलं, "समुद्र डावीकडे यायला हवा ना?"

बाबांची मुलगी

बाबांना एका कानाने कमी ऐकू येतं आणि फोनवर सारखे कुठले ना कुठले निरोप टपकत असतात. त्यांच्यासाठी डबाच ठेवलाय, बाण मोठा, अक्षरं मोठी, आवाज चढवलेला. "घर" म्हणून एक खूण करून दिली आहे. बाकी सगळं त्यांना पाठ आहे, घर हे बटण ते दाबतातही क्वचित. दिसत राहिलं की बरं वाटतं म्हणतात.

गाडीतच बसवलेलं

तिसऱ्या पर्यायाबद्दल कुणीच लिहिलं नाही. माझ्या गाडीत कंपनीने बसवलेली यंत्रणा आहे. तिला चाकांचा वेग कळतो आणि वळण मोजणारा जायरोस्कोप जोडलेला असतो, त्यामुळे बोगद्यात उपग्रह दिसेनासे झाले तरी बाण पुढे सरकत राहतो. फोन तिथे बहुतेक अंदाजाने ढकलतो आणि बोगद्याच्या आत फाटा असेल तर गोंधळतो. ही कल्पना जीपीएसच्या सार्वत्रिक वापराआधीची आहे. होंडाने १९८१ मध्ये उपग्रहाशिवाय चालणारी यंत्रणा काढली होती, वायूचा जायरोस्कोप आणि पडद्यावर सरकवायचे पारदर्शक नकाशे!

पण माझ्याकडचे नकाशे भरायला गाडी सेवा केंद्रात न्या, पैसे भरा, वाट बघा. दोनदा केलं, तिसऱ्यांदा कंटाळलो. आता केबल लावतो आणि अँड्रॉइड ऑटोवरून फोनचा नकाशा गाडीच्या मोठ्या पडद्यावर घेतो. डोकं फोनचं, चेहरा गाडीचा. कॉल आला तरी बाण जागेवर राहतो, रात्रपाळीवाले, तुमचा प्रश्न इथे सुटतो. नवी गाडी घेणाऱ्याने हे आहे का एवढं बघावं, बसवलेल्या नकाशासाठी वेगळे पैसे मोजू नयेत.

सेवारस्ता

उड्डाणपुलावर आहात की खाली, हे कुणालाच कळत नाही. डब्यालाही नाही, फोनलाही नाही.

तारे मोजणारा

बरोबर आहे, पण थोडं सुधारतंय. उंच इमारतींवर आपटून आलेले संकेत ही मोठी अडचण असते. दोन वारंवारता ऐकणारे फोन असे संकेत बरेचसे ओळखतात. २०१८ च्या शाओमी मी ८ पासून ते सुरू झालं. फोन घेताना तांत्रिक माहितीत "एल१ आणि एल५" ही त्या दोन वारंवारतांची नावं दिसतात का बघा. पुलाच्या वर की खाली याचं उत्तर मात्र यानेही खात्रीने मिळत नाही.

१९९९ मध्ये पोचलेला

जुना डबा वापरणाऱ्यांनी त्यावरची तारीख बघा. जीपीएस आठवडे मोजतं, पण मोजायला १० बिटच आहेत, म्हणून १०२४ आठवड्यांनी मोजणी शून्यावर येते. ६ एप्रिल २०१९ च्या रात्री ती दुसऱ्यांदा शून्यावर आली. दुसऱ्या दिवशी माझा डबा ऑगस्ट १९९९ दाखवत होता. रस्ते नीट सांगत होता, पण आपण वीस वर्षांपूर्वी पोचणार होतो. गंमत म्हणजे वार बरोबर, कारण फरक पूर्ण आठवड्यांचा. काही डब्यांत कंपनीने मोजणीचा आरंभ वेगळा धरलेला असतो, ते नंतर कधीही घसरतात. कंपनी नवी प्रणाली देत असेल तर भरून घ्या. माझ्या कंपनीने त्या मॉडेलचा हात सोडला होता.

धागाकर्ती

हे वाचून उठले आणि डबा मोकळ्या जागी नेऊन वीस मिनिटं आकाशाकडे बघायला ठेवला. आज बुधवार. डबाही बुधवारच म्हणतो. सालाच्या हिशेबाने मात्र माझं लग्न अजून व्हायचं आहे. नवऱ्याला दाखवलं. तो म्हणाला, मग विचार करायला वेळ आहे तुला.

एसीच्या जाळीचा स्टँड आणि १२ व्होल्टचा चार्जर मागवलाय.