बाथरूमच्या जाळीतून घाण वास, ॲसिड टाकूनपण जात नाही

जुळेसोलापूरकर
नमस्कार मंडळी. जुळे सोलापूरला दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट आहे, बिल्डिंग तशी जुनी नाही. दोन बाथरूम, बेडरूममधलं रोजच्या वापरात आणि पॅसेजमधलं पाहुणे आले तरच. वास या पॅसेजवाल्यातनंच येलालाय, सडक्या अंड्यासारखा, आणि एक्झॉस्ट लावला की कमी व्हायचं सोडून वाढतो, हे तर डोक्यातच शिरत नाही. फिनेल झालं, डांबरगोळ्या जाळीवर ठेवून झाल्या, ॲसिडची बाटली ओतून झाली, तास दोन तास बरं वाटतं परत आहे तेच. प्लंबर म्हणतो टाइल्स फोडून सगळी लाईन बदला. सुट्टीत बहिणीकडची मंडळी यायची आहेत, फोडाफोडी न करता काही होत असेल तर सांगा की.

होटगीरोड
फोडू नका हो लगेच. जाळीच्या खाली नहाणी ट्रॅप असतो, त्यात कायम साधारण दोन इंच म्हणजे ५० मिलिमीटर पाणी साचून राहायला पाहिजे, ते पाणी हेच गटारीच्या वासाला झाकण. तुमचं बाथरूम वापरात नाही, वरनं आपल्याकडचा उन्हाळा, पारा ४० च्या पुढं, आणि नळाला चार-पाच दिवसाआड पाणी म्हणून न वापरायच्या बाथरूममध्ये कोण बादली ओतणार? (उजनी शंभर टक्के भरलं म्हणून पेपरात वाचायचं, आपल्या नळाला तेच.) ट्रॅपमधलं पाणी उडून जातं आणि चेंबरचा गॅस सरळ घरात. एक्झॉस्टचं म्हणाल तर दार-खिडकी बंद असताना पंखा हवा बाहेर फेकतो, ती भरून काढायला कुठनं तरी ओढणारच, कोरडा ट्रॅप असला की तिथनंच ओढतो.
आधी एक करा, अर्धी बादली पाणी सावकाश जाळीत ओता आणि रात्रभर बघा. कपडे धुतलेलं, भांड्याचं शेवटचं पाणी पण चालतं. वास गेला तर रोग हाच. मग आठवड्यातनं एकदा तांब्या-दोन तांबे पाणी ओतायचं, आणि गावाला जाणार असाल तर वरनं चमचाभर गोडेतेल, ते पाण्यावर तरंगतं आणि पाणी लवकर उडत नाही.

स्मिता_ताई
बेकिंग सोडा आणि व्हिनेगर टाका, मस्त फेस येतो, मी यूट्यूबवर बघून केलं होतं.

होटगीरोड
ताई, फेस दिसायला छान पण दोन्ही एकमेकांत जिरून मागं जवळपास खारट पाणीच राहतं. केस आणि साबणाचा चिकट थर बसला असेल तर हात घालून, जुन्या ब्रशनं खरवडूनच निघतो. गरम पाणी ओतलं तर बरं, पण खळखळतं नको, पीव्हीसीचा पाईप मऊ पडतो.

साईटवाला
मी बांधकामात हाय, माझं ऐका. जाळी उचलून बघा आत उपडी वाटी हाय का. बऱ्याच ट्रॅपला ती वाटीच वास आडवती, तिची कड पाण्यात बुडालेली असती. पाणी तुंबतंय म्हणून कोणतरी ती काढून टाकतंय, कामवाली असू दे नाहीतर प्लंबर, आणि मग वरनं कितीबी पाणी ओता, वास येणारच. लै घरात हेच बघलालोय. दुसरं, टाइल्स नव्या टाकताना जाळी आणि ट्रॅपच्या मधी फट ठेवत्यात, वास बाजूनं येतो. ती व्हाईट सिमेंटनं नाहीतर सिलिकॉननं बुजवायची, शंभर-दोनशेचं काम. वॉशिंग मशीनचा पाईप जाळीत नुसता खुपसलेला असेल तर त्याच्या भोवतीनं रबरी बूच बसवा.

आसरा_चौक
ॲसिडवर कुणी बोललं नाही म्हणून सांगतो. बाटली ओतून वरनं ब्लीच नाहीतर ब्लीचवालं टॉयलेट क्लीनर टाकू नका, क्लोरीन गॅस निघतो, बारक्या बाथरूममध्ये लै वाईट. शिवाय ॲसिडनं टाइल्सच्या फटींमधलं सिमेंट खाल्लं जातं, म्हणजे साईटवाले म्हणतात ती फट तुम्हीच मोठी करताय.

जुळेसोलापूरकर
जाळी काढून बघितली. वाटी नाहीच! आत केसांचा हा एवढा गोळा आणि त्याच्याखाली ट्रॅप ठणठणीत कोरडा. पाणी ओतल्यावर वास बराच कमी झालाय, पूर्ण नाही. अजून एक, वरच्या मजल्यावर फ्लश केला की जाळीतनं गुडगुड आवाज येतो, ते काय?

होटगीरोड
ते व्हेंट पाईपचं. गच्चीवर ड्रेनेजचा पाईप वर काढलेला असतो, तो हवा आत घेतो. त्याचं तोंड पक्ष्यांच्या घरट्यानं बुजलं नाहीतर वॉटरप्रूफिंगवाल्यांनी कापून बुजवलं की वरचं फ्लश तुमच्या ट्रॅपमधलं पाणीच ओढून नेतं. सोसायटीत सांगून गच्चीवर चढून बघा, हा खर्च तुमच्या एकट्याचा नाही.

साईटवाला
वाटी आणायला जाताना जुनी जाळी सोबत न्या, नुसतं चार इंची म्हणून सांगितलं तर भलतंच देत्यात. आणि ट्रॅपचं तोंड पण मोजून जावा, बसवताना कड पाण्यात बुडती का बघा, नसेल बुडत तर वाटी आखूड हाय, बदलून घ्या.

जुळेसोलापूरकर
उद्याच जातो. प्लंबरला सध्या थांब म्हणून सांगितलंय, तो फोनवर जरा फुगलाच.