उभे राहणारे रेझिस्टर : दोष नेमका कुठे शोधावा?

प्रश्न : सर्किट बोर्डवर सुटे भाग बसवणाऱ्या लाइनवर मी नुकताच ऑपरेटर म्हणून रुजू झालो आहे. रिफ्लो ओव्हनमधून (सोल्डर वितळवून भाग जोडणाऱ्या भट्टीतून) बाहेर येणाऱ्या काही बोर्डांवर लहान रेझिस्टर एका टोकावर उभे राहिलेले आढळतात. हा दोष प्लेसमेंट मशीनचा (भाग बोर्डवर ठेवणाऱ्या यंत्राचा) समजावा की ओव्हनचा?

उत्तर १ : एका टोकाची सोल्डर पेस्ट (भाग बोर्डला जोडणारा, वितळणाऱ्या धातूचा लगदा) दुसऱ्याच्या आधी वितळली, की तिच्या पृष्ठताणामुळे भाग त्या बाजूला ओढला जाऊन उभा राहतो. पेस्टमधील शिसेविरहित सॅक ३०५ (कथील, चांदी व तांबे यांचा) मिश्रधातू सुमारे २१७ अंश सेल्सिअसला वितळू लागतो. त्याआधी दोन्ही टोके समान तापली नाहीत, तर हे घडते. म्हणून प्रथम ओव्हनचा तापमान-आलेख पाहावा.

उत्तर २ : आलेखाइतकीच बोर्डवरील पेस्टची छपाईही महत्त्वाची आहे, किंबहुना माझ्या मते तीच आधी पाहावी. स्टेन्सिलचे (ज्या छिद्रांच्या पत्र्यातून पेस्ट छापतात त्याचे) एखादे छिद्र अर्धवट बुजले असेल, तर भागाच्या दोन टोकांखालील पॅडवरील (बोर्डवरील धातूच्या ठिपक्यांवरील) पेस्टचे प्रमाण असमान होते, आणि मग भाग अचूक बसवूनही उपयोग होत नाही. उभे राहणारे रेझिस्टर नेहमी एकाच जागी असतील, तर शंका स्टेन्सिलवर किंवा पॅडच्या रचनेवर घ्यावी. ते विखुरलेले असतील, तर प्लेसमेंट मशीनचे नोझल (भाग उचलणारे तोंड) व फीडर (भाग पुरवणारा जोड) तपासावेत. शीतकपाटातील पेस्टचा डबा खोलीच्या तापमानाला येण्यापूर्वी उघडू नये, कारण पेस्टमध्ये दव धरते. (घाईच्या पाळीत हाच नियम सर्वांत आधी मोडला जातो.)

उत्तर ३ : ओव्हनची सेटिंग मात्र स्वतःहून बदलू नये, दोषाची जागा आणि वेळ नोंदवून प्रक्रिया अभियंत्याला कळवावे.