मदत हवी आहे: बुधाच्या अधिक्रमणासाठी सोलर फिल्टर

नमस्कार मंडळी. १३ नोव्हेंबर २०३२ला बुधाचं अधिक्रमण आहे, म्हणजे बुध सूर्यबिंबासमोरून ठिपक्यासारखा सरकताना दिसेल, आपल्याकडे दुपारी साधारण सव्वाबारा ते साडेचार. वेळ आहे अजून, पण आतापासून सौरडागांवर हात बसवतोय. २०१२ला शुक्राचा ठिपका ग्रहणाच्या चष्म्यातूनही दिसला होता. बुधाला मात्र दुर्बीण हवीच. माझी ७० मिमीची. सोबत आलेला आयपीसचा (डोळ्याकडच्या भिंगाचा) काळा फिल्टर फेकून दिला, तापून तडकतात ते.

आता पुढच्या भिंगावर सोलर फिल्म लावायचीय. पुठ्ठ्याची चौकट झाली, पण उजेडासमोर धरल्यावर फिल्मला टाचणीच्या टोकाएवढं भोक दिसतंय. काळ्या मार्करने बुजवलं तर चालेल, की नवीनच घेऊ? की सरळ पांढऱ्या कागदावर प्रतिमा पाडू? परवा दुर्बिणीवर बसवलेल्या छोट्या शोधक-दुर्बिणीचं झाकण लावायचं राहिलं आणि मानेला चटका बसला, तेव्हापासून धास्तीच घेतलीय. पोरंही बघणार आहेत.