बुर्ज खलिफाचा आराखडा तीन पाकळ्यांचा का?

प्रश्न: दुबईतील बुर्ज खलिफाची उंची ८२८ मीटर असून २०१० मध्ये उद्घाटन झाल्यापासून ती जगातील सर्वांत उंच इमारत आहे. तिचा तळआराखडा इंग्रजी वाय अक्षरासारखा ठेवण्यामागे केवळ सौंदर्यदृष्टी होती, की रचनाशास्त्राचीही काही निकड होती?

प्रतिसाद १: मुख्य कारण रचनेचेच आहे. मध्यभागी षट्कोनी काँक्रीटचा गाभा असून त्याला तीन बाजूंनी तीन पंख टेकू देतात. प्रत्येक पंख उरलेल्या दोघांच्या आधाराने उभा राहतो आणि गाभा पिळवटण्याला विरोध करतो. स्थापत्य अभियंता बिल बेकर यांची ही योजना वास्तुरचनाकार एड्रियन स्मिथ यांच्या आकृतीशी इतकी एकजीव झाली आहे की दोन्ही वेगळ्या काढता येत नाहीत. शिवाय तिन्ही पंखांमुळे खोल्यांना उजेड आणि दृश्य भरपूर मिळते, हा लाभही लहान नव्हे.

प्रतिसाद २: वाऱ्याचा मुद्दा राहिला. पंख वर जाताना सर्पिल क्रमाने एकेक करून आखडत जातात, त्यामुळे प्रत्येक टप्प्यावर इमारतीची रुंदी बदलते आणि वाऱ्याचे भोवरे एका लयीत संघटित होऊ शकत नाहीत. ते झाले असते, तर इमारत धोकादायकरीत्या डोलली असती. वातबोगद्यातील, म्हणजे प्रतिकृतीवर कृत्रिम वारा सोडून केलेल्या, चाचण्यांनंतर आकारात आणि दिशेतही फेरफार करण्यात आले.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. मग शिखरही काँक्रीटचेच आहे का?

प्रतिसाद १: नाही, सर्वांत वरचा भाग आणि त्यावरचा निमुळता सुळका पोलादी आहे.