सेल्फ-डाऊटला मराठीत काय म्हणायचं? 'आत्मसंशय' चालेल?

तर्जुमा
बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत मी एच.आर. बघते. ओतीव मालातले दोष शोधायला आमच्याकडं एआयवाला कॅमेरा बसलाय. पार्ट बाद असला की स्क्रीनवर लाल चौकोन येतो. मालकांनी परवा सगळ्यांपुढं इंग्रजीत भाषण केलं आणि अगदी मोकळेपणानं सांगितलं, की हे सगळं पुढं न्यायला मी लायक आहे का, असा 'सेल्फ-डाऊट' मलाही येतो. ते भाषण मराठी आणि कन्नड, दोन्हींत बोर्डावर लावायचंय. मराठी माझ्याकडं आलं. मी लिहिलं, 'या बदलाच्या काळात माझ्याही मनात आत्मसंशय आहे.' कच्चा कागद वाचून मेल्टिंगचे एक जुने मामा म्हणाले, "मालकांवर संशय? काय केलं गा त्यांनी?"
दुसरा शब्द सुचवा. परवा लावायचंय.

शुद्धलेखनकाका
मामांचा कान तयार आहे. शंका येते, संशय घेतात. शंका आपल्या मनात उठते, संशय दुसऱ्यावर जातो. 'आत्मशंका' लिहा आणि मोकळ्या व्हा.

कुंदा प्लेट
काका, आत्मशंका म्हटलं की मला लघुशंकाच आठवते. मालक मधेच उठून गेले असं वाटेल.

शहापूरचा मास्तर
तुमच्या कारखान्यात खरा घोळ 'अनुमान' या शब्दाचा होणार, बघा. आपल्याकडं अनुमान म्हणजे धूर दिसला म्हणून आग आहे असं ठरवणं. कन्नडमध्ये अनुमान म्हणजे सरळ संशय. नोकरीच्या पहिल्या वर्षी स्टाफरूममध्ये मी म्हणालो, "माझं अनुमान आहे, हेडसर आज येणार नाहीत." शेजारचे कन्नडचे सर दबक्या आवाजात म्हणाले, "हेडसरांवर अनुमान? कशाबद्दल?" त्यानंतर आठवडाभर ते माझ्याकडंच अनुमानानं बघत होते.
आता एआयमध्ये शिकवून तयार केलेलं मॉडेल नवा फोटो बघून निकाल देतं, त्याला मराठीत अनुमानच म्हणतात. उद्या मशीनवर 'यंत्राचे अनुमान : सदोष' अशी पाटी लावलीत तर निम्मे कामगार वाचतील, यंत्राला संशय आलाय. तसं ते चूकही नाही म्हणा. कॅमेरा तरी काय, 'हे बहुतेक ब्लोहोल', म्हणजे ओतीवातलं हवेचं भोक, एवढंच सांगतो.

फौंड्रीवाला
अक्का, 'उसनं अवसान' वापरा की. आतून धाकधूक, वरनं ताठ. मालकांचं दुखणं तेच आहे.

शहापूरचा मास्तर
आणि कन्नडवाल्यानं तोच शब्द उचलला तर? कन्नडमध्ये अवसान म्हणजे अंत. बोर्डावर 'मालकांचे अवसान' वाचून अर्धी शिफ्ट सुतकाची सुट्टी धरून घरी जाईल.

शुद्धलेखनकाका
कन्नडनं संस्कृत अर्थ जपलाय, इतकंच. संस्कृतातही अवसान म्हणजे शेवटच. मराठीतलं धीर या अर्थाचं अवसान उर्दूतल्या 'औसान'कडून आलं. म्हणजे तो शब्दही उसनाच.

चिकोडी लोकल
सेल्फ-डाऊटपेक्षा हे 'इम्पोस्टर' प्रकरण दिसतंय. पॉलिन क्लान्स आणि सुझान आइम्स या दोघी मानसशास्त्रज्ञांनी १९७८ साली ते मांडलं. दीडशेहून जास्त यशस्वी बायकांशी बोलून त्यांच्या लक्षात आलं, की डिग्री आहे, हुद्दा आहे, तरी 'आपण सगळ्यांना फसवतोय, एक दिवस पकडले जाऊ' असं या बायकांना वाटत राहतं. त्या दोघींनी त्याला 'फिनॉमेनन' म्हटलं होतं, सिंड्रोमचं शेपूट मागाहून लोकांनी लावलं. मी त्याला 'तोतयागंड' म्हणतो.

कुंदा प्लेट
उलटं झालं की! पानिपतानंतर सदाशिवरावभाऊ म्हणून जो तोतया उभा राहिला, १७७६ ला मारला गेला तो, त्याला आपण भाऊ नाही हे पक्कं ठाऊक होतं आणि तरी तो मिशीला पीळ देत फिरला. यांचे मालक तर खरेच मालक. खऱ्या भाऊलाच 'मी भाऊ आहे ना?' असं वाटावं, त्याला तोतया कसं म्हणायचं?

शहापूरचा मास्तर
शिवाय 'गंड'. कन्नडमध्ये गंड म्हणजे नवरा. आमच्या घरात दोन्ही भाषा चालतात. मी 'न्यूनगंड' म्हटलं की बायको हसते, "म्हणजे कमी पडलेला नवरा."

तर्जुमा
हसून पुरेवाट झाली, पण कागद अजून कोराच आहे. त्यात पुढचं वाक्य आणखी वाईट. मालक म्हणतात, आता आपल्याला 'इमोशनल इंटेलिजन्स' लागणार. मी लिहिलं, 'कृत्रिम बुद्धिमत्तेच्या काळात भावनिक बुद्धिमत्ता'. एका ओळीत दोन बुद्धिमत्ता, आणि वाचणाऱ्याची तिसरी.

फौंड्रीवाला
पाचपोच. आमची आजी म्हणायची, "शिकलाय लई, पाचपोच न्हाई."

शुद्धलेखनकाका
शब्द झकास, पण तो कायम 'नाही'बरोबरच येतो. 'त्यांना उत्तम पाचपोच आहे' असं कुणी म्हटलेलं ऐकलंय? शिवाय पाचपोच म्हणजे वागण्याची रीतभात. सालोव्ही आणि मेयर या मानसशास्त्रज्ञांनी १९९० मध्ये मांडलेली इमोशनल इंटेलिजन्सची कल्पना त्याहून मोठी आहे. आपली आणि दुसऱ्याची भावना ओळखायची, आणि त्या ओळखीचा उपयोग विचाराला करायचा. १९९५ ला गोलमन यांचं पुस्तक आलं आणि मॅनेजर मंडळींनी ती उचलली. 'भावनिक समज' लिहा.

फौंड्रीवाला
समज तर पोलीस देतात, काका!
पण खरं सांगू का अक्का, हे नामाचं कामच नव्हे. आमच्या वडिलांनी क्युपोला, म्हणजे कोळशाची जुनी भट्टी, बंद करून विजेची इंडक्शन भट्टी घेतली. तोवर धातूचा रंग बघून तापमान सांगणारा माणूस, वीस-पंचवीस अंशांच्या पलीकडं चुकायचा नाही. भट्टीला मीटर आला, मागनं धातूत काय काय आहे ते सांगणारा स्पेक्ट्रो आला, आणि कालचा डिप्लोमावाला पोरगा त्यांना आकडे सांगायला लागला. त्या दिवसांत ताटावर बसून आईला म्हणायचे, "जमंल काय गं मला?" एवढंच. 'मला आत्मशंका आहे' असं ते म्हणाले असते तर आईनं डॉक्टरकडं नेलं असतं. तुमच्या मालकांचंही तसंच लिहा, 'मला हे जमेल का, असं मलाही वाटतं.'

चिकोडी लोकल
वडील घरात म्हणाले, बोर्डावर नाही. मालकच चाचरतोय म्हटल्यावर कामगारांनी कुणाकडं बघायचं?

तर्जुमा
तपासणीच्या टेबलावर आमच्या आठ जणी बसतात. कॅमेरा आल्यापासून त्या डबा खातानाही बोलत नाहीत. मालकांना जमेल का, हा त्यांचा प्रश्नच नाही. टेबल राहणार का, एवढंच त्यांना हवंय, आणि भाषणात त्यावर एक ओळ नाही. फौंड्रीवाल्यांचं वाक्य घेतलंय. टेबलाची ओळ घाला म्हणून आता मालकांच्या केबिनमध्ये जाते. मलाच जमंल का, बघू.

शुद्धलेखनकाका
जा, जा. मास्तर, 'गंड'चं राहिलंच. कोल्हापूरचा शिलाहार राजा गंडरादित्य, त्यातला गंड म्हणजे शूर. तेव्हा गंड म्हणजे नुसता नवरा नव्हे.

शहापूरचा मास्तर
बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणते, दोन्ही अर्थ एकदम कधी बघायला मिळाले नाहीत. आणि कर्नाटकाच्या मुद्रेवरचा दोन डोक्यांचा पक्षी, गंडभेरुंड? तो कुठल्या गंडातला?